वहिनीचं कार्ड

४ तारीख, सोमवार

रोख पैसे चालतच नाहीत! दादाने धक्क्यावर माझ्या हातात जाडजूड पाकीट कोंबलं, ते मी पोटाशी धरून बोटीचा जिना चढले, आणि वर काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणते — इथे जमा करा, कार्ड मिळेल. कार्डानेच केबिनचं दार उघडायचं, कार्डानेच हवं ते घ्यायचं. खातं एकच, माझ्या नावाचं. पण कार्डं दोन. प्रत्येकीला आपलं आपलं.

म्हणजे वहिनीच्या हातात कार्ड!

दादाने तर बजावून सांगितलं होतं — ‘तिच्या हातात काही देऊ नकोस, बारके. तिला पैशातलं ओ की ठो कळत नाही. काय लागेल ते तू घेऊन दे. आणि रोजचा खर्च रोज मला कळव.’ वहिनी शेजारीच उभी होती. बॅगेची चेन पुन्हा पुन्हा लावत होती. ऐकलं असणारच. पण तीस वर्षं हेच ऐकत आली आहे, तिला काय त्याचं.

तीस वर्षं झाली म्हणूनच तर ही सहल. दादा तिला बोटीवर पाठवतोय हे त्याने सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं. स्वतः येणार नाही — टाइल्सचं दुकान सोडवत नाही. म्हणून सोबतीला मी. निवृत्त, एकटी, मागे ना पुढे कोणी. दोघींची तिकिटं त्याने काढली. मी नको नको म्हटलं, पण फार ताणलं नाही.

अर्धं पाकीट जमा केलं. अर्धं बंदरांवर लागेल म्हणून माझ्या पर्समध्ये.

केबिनला खिडकी नाही. खिडकीच्या जागी समुद्राचं चित्र! वहिनी पलंगावर बसून कार्डावरचा स्वतःचा फोटो बघत होती. ‘वन्सं, मी अशी दिसते?’ म्हटलं, चांगलीच दिसतेस. तिने कार्ड गळ्यात अडकवलं. जेवताना गळ्यात, तोंड धुताना गळ्यात. आता झोपली आहे — तरी गळ्यात!

मला मात्र झोप नाही. बोटीमुळे की पाकिटामुळे, देव जाणे.

५ तारीख, मंगळवार

सकाळी उठून बघते तर वहिनी पलंगावर नाही. धाबं दणाणलं. पायांत चपला सरकवून जिने चढत सुटले. ही वरच्या डेकवर आरामखुर्चीत! डोक्यावर नवी कोरी गवती टोपी, हातात उंच ग्लासात कॉफी, कॉफीवर सायीचा डोंगर.

‘वन्सं, नुसतं टेकवलं! कार्ड टेकवलं की झालं! कोणी काही विचारत नाही!’

काउंटरवर जाऊन बघितलं. कॉफी. पुन्हा कॉफी. टोपी. एक मासिक. सकाळी सकाळी!

तिला शेजारी बसवून समजावलं. खालच्या हॉलमधली कॉफी फुकट, वरच्या डेकवरची विकत. नळाचं पाणी फुकट, बाटली विकत. तलावात डुंबणं फुकट, पण काठावर कोणी हसत ग्लास आणून दिला तर तो विकत. सगळं नीट ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, ‘वरचीच चांगली आहे पण.’

दादाला कळवायचं तर इंटरनेट लागतं, आणि तेही विकत. किंमत ऐकून मी दोनदा विचारलं. टोपी आणि कॉफ्या मिळून होतात त्याहून जास्त! खर्च कळवण्याचाच खर्च सगळ्यात मोठा. घेतलं तरी. नाहीतर दादा चिडेल. रकमा कळवल्या. इंटरनेटची मात्र नाही कळवली.

त्याचं उत्तर आलं — ‘टोपी कशाला?’

६ तारीख, बुधवार

दिवसभर पाणीच पाणी. चैन पडत नाही. डेकवर फेऱ्या मारते, काउंटरवर जाऊन खातं बघते, पुन्हा फेऱ्या. काउंटरवरची मुलगी मला आता लांबूनच ओळखते.

जेवणाच्या टेबलावर आमच्याबरोबर एक बाई आहे. वयाने आमच्याएवढीच, उंच, आवाज खणखणीत. तिच्या दोन लाँड्र्या आहेत म्हणे. एकटीच आली आहे — ‘नवरा गेला, पोरं मोठी झाली, यंत्रं आपोआप फिरतात, मग मी का नको फिरू?’ असं म्हणून स्वतःच हसते. कुणाच्याही शर्टाची कॉलर बघून त्या माणसाबद्दल काहीही ठोकून देते. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तुम्ही हॉस्पिटलात होता ना?’ मी चकित! म्हटलं, हो, एक्स-रे काढायचे, पण कसं ओळखलंत? ‘तुम्ही समोरच्याला “श्वास रोखा” म्हणाल असं वाटतं सारखं.’

वहिनी इतकी हसली की पाणी नाकात गेलं. तिला असं हसताना मी कधी पाहिलंय? आठवत नाही.

७ तारीख, गुरुवार

आज कहर झाला. वहिनी जेवणानंतर गायब. दोन तासांनी आली ती तेलाच्या वासाने घमघमत, गाल गुलाबी, डोळे अर्धे मिटलेले. मालिश करून घेतलं! ‘वन्सं, त्या मुलीने पायांची बोटं एकेक करून दाबली. माझ्या पायाला आजवर डॉक्टरशिवाय कोणी हात लावला नव्हता.’

किती पडले विचारलं. म्हणाली, ‘विचारलंच नाही.’

विचारलंच नाही!

मी काउंटरवर धावले. आकडा दोनदा वाचला. तेवढ्यात एका आठवड्याचं घर चालतं! दादाला कळवू नये असं वाटलं. मग वाटलं, नंतर कळलं तर? कळवलं. पाच मिनिटांत त्याचा फोन. इतका ओरडला की शेजारून जाणारा खलाशी वळून बघायला लागला.

‘तुला कशाला पाठवलंय मी? तिच्या कार्डाला कुलूप लाव! काउंटरवर सांग, ह्यापुढे एक पैसा जाता कामा नये.’

म्हटलं, दादा, अगदीच बंद कसं करायचं, बरं दिसत नाही. म्हणाला, ‘पैसे कुणाचे आहेत? मग?’

दादाशी वाद घालायची मला सवयच नाही. बाबांनंतर त्यानेच सगळं बघितलं. माझं सुद्धा — घराचे कागद, बँक, निवृत्तीच्या वेळचे पैसे. ‘तू फक्त सही कर, बारके.’ मी सही करते. मोकळी होते.

काउंटरवर गेले. मुलीने विचारलं, दुसऱ्या कार्डावर किती मर्यादा ठेवू? मी म्हटलं, शून्य. आपलाच आवाज आपल्याला परका वाटला. ती म्हणाली, ‘दार उघडेल, काळजी करू नका.’

वहिनीला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. उद्या सांगेन.

८ तारीख, शुक्रवार

सांगायच्या आतच व्हायचं ते झालं.

दुपारी टेबलावर लाँड्रीवालीने सहज म्हटलं, आज माझा वाढदिवस, पण ह्या वयात कोण मोजतंय! वहिनीचे डोळे चमकले. तिने वाढप्याला खुणेने बोलावलं, त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. थोड्या वेळाने केक आला, तीन ग्लास आले, चारपाच वाढपी टाळ्या वाजवत आले. लाँड्रीवालीला रडूच फुटलं — एवढी दणदणीत बाई! ‘अहो, कशाला, कशाला’ करत डोळे पुसत होती. आणि वहिनी — ताठ बसलेली, गळ्यातलं कार्ड काढून वाढप्याला देताना हात असा पुढे केला, जणू जन्मभर हेच करत आली आहे.

वाढप्याने कार्ड लावलं. पुन्हा लावलं. कापडाने पुसून पुन्हा लावलं. मग वाकून हळूच काहीतरी म्हणाला. हळूच, पण शेजारच्या टेबलापर्यंत गेलं.

मी माझं कार्ड काढायला पर्समध्ये हात घातला, तर हाताला काही लागेना. रुमाल, चष्मा, गोळ्या — कार्ड पार तळाशी! तोवर लाँड्रीवालीने स्वतःचं पुढे केलं. स्वतःच्या वाढदिवसाच्या केकचे पैसे तिने स्वतः भरले. म्हणाली, ‘ही यंत्रं अशीच दगा देतात, माझी वॉशिंग मशिनं काय कमी आहेत?’

वहिनीने केक खाल्ला. पूर्ण खाल्ला. मग उठून सरळ काउंटरवर गेली.

केबिनमध्ये आली तेव्हा मी पलंगावर बसून होते. तिने दार लावून घेतलं. आवाज चढवला नाही.

‘तुम्ही केलंत?’

म्हटलं, दादाने सांगितलं म्हणून. ‘वहिनी, त्याचे पैसे आहेत, तो कष्टाने —’

‘कुठले त्याचे?’

मग ती जे बोलली ते असं — तिच्या आईचं घर गेल्या वर्षी विकलं. तिच्या भावाने अर्धे पैसे स्वतः ठेवले, अर्धे बहिणीला दिले. ते दादाच्या खात्यात गेले, कारण वहिनीचं स्वतःचं खातंच नाही. दादाने सांगितलं, फार काही आलं नाही, होतं ते ठेवीत टाकलंय. हिनेही विश्वास ठेवला. मागच्या महिन्यात भाऊ फोनवर बोलता बोलता रक्कम सांगून गेला. त्या रकमेत अशा सहली वर्षभर करता येतील. ‘तिकिटं त्यातून निघाली. पाकीट त्यातून भरलं. ती टोपी माझ्या आईच्या स्वयंपाकघराच्या पैशांची आहे, वन्सं.’

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस त्याला?

‘बोलून काय झालं असतं? म्हटलं, आधी खर्च करून बघू. आपलेच पैसे खर्च करताना कसं वाटतं ते तरी कळेल.’ मग म्हणाली, ‘आणि तुला काय गं — तू मला कुलूप लावलंस?’

तू म्हणाली. आजवर कधी म्हणाली नव्हती.

९ तारीख, शनिवार

बोलत नाही. पाठ करून पडून आहे. मी ट्रेमध्ये सूप आणलं, खालच्या हॉलमधलं, फुकट. तसंच थंड झालं.

काउंटरवर जाऊन तिच्या कार्डाची मर्यादा काढून टाकली. तिला सांगितलं. ‘बरं,’ म्हणाली. कार्ड टेबलावर पडलंय. गळ्यात नाही.

दादाला आज काहीच कळवलं नाही. त्याचे एकामागून एक निरोप येताहेत. फोन उशीखाली ठेवला. उशीखालीही थरथरतो मेला!

१० तारीख, रविवार

बंदर. मी अंघोळीला गेले तेवढ्यात वहिनी उतरून गेली. एकटी! तिच्याजवळ एक पैसा नाही, भाषा येत नाही, फोनमध्ये दादा आणि मी सोडून कुणाचा नंबर नाही.

मी मागोमाग उतरले. धक्क्यापासून गावात जाणारा एकच मोठा रस्ता. दोन्ही बाजूंना दुकानं — चपला, चष्मे, फोनची कव्हरं. प्रत्येक दुकानात डोकावले. गवती टोपी दिसली की धावायचे, आणि टोपीखाली भलतंच कुणी. टॅक्सीमागून टॅक्सी करून गावभर फिरले. शेवटी चौकात कारंज्याच्या कठड्यावर बसकण मारली. दादाला काय सांगू? हाच विचार डोक्यात. मग लाज वाटली. बाई हरवली आहे आणि मला पडलंय दादाला काय सांगायचं!

दुपार कलली तशी बोटीकडे परतले. शिडीशी उभी राहिले. लोक पिशव्या घेऊन परत येत होते. बोटीने भोंगा दिला. तेव्हा त्या दोघी दिसल्या — लाँड्रीवाली आणि वहिनी, हातात हात घालून, आइस्क्रीम खात, अगदी सावकाश!

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. वहिनी शांतपणे म्हणाली, ‘कोन पघळतोय, धरता का जरा?’ आणि कोन माझ्या हातात दिला. तेव्हा बघितलं. तिचे हात मोकळे. बांगड्या नाहीत!

‘विकल्या,’ म्हणाली. ‘आईच्या होत्या. म्हणजे माझ्याच. सोनार चांगला होता. ह्यांनी भाव करून दिला.’ लाँड्रीवाली म्हणाली, ‘मी फक्त जाण्याचं नाटक केलं. दोनदा दारापर्यंत गेलो, तिसऱ्यांदा त्याने खुर्ची दिली.’

वर येऊन वहिनी थेट काउंटरवर. स्वतःचे पैसे जमा केले, स्वतःच्या नावाचं वेगळं खातं उघडलं. सही करताना जीभ दातांत धरली होती. काउंटरवरच्या मुलीने नवं कार्ड दिलं. मग वहिनी लाँड्रीवालीला म्हणाली, ‘चला, तुमचा केक राहिलाय.’

मलाही बोलावलं. गेले. केक गोड होता, मी एकच तुकडा घेतला.

११ तारीख, सोमवार

मनाशी ठरवून दादाला फोन लावला. आधी त्याला बोलू दिलं. ओरडून झाल्यावर विचारलं, ‘दादा, वहिनीच्या आईच्या घराचे पैसे कुठे आहेत?’

मग — ‘तुला काय करायचंय?’

पुन्हा विचारलं.

‘दुकानात घातलेत. धंदा आहे, लागतात. काही पळून नाही जात. तुझे नाही का तिथेच —’

आणि फोन बंद! इंटरनेटचे पैसे संपले. नेमके तेव्हाच!

मी तशीच उभी. तुझे नाही का तिथेच. माझे म्हणजे? निवृत्तीचे? ते तर ठेवीत होते. सही मी केली होती. कशावर केली होती? कागद वाचला होता का? खात्यात बघते तर शिल्लक जवळजवळ नाही, पर्समधलं पाकीट बंदरावर शोधाशोध करताना टॅक्सीवाल्यांना वाटून रिकामं झालेलं. पुन्हा फोन करायला माझ्याजवळ पैसे नाहीत.

वहिनी डेकवर कॉफी पीत होती. वरची, विकतची. तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. शेवटी म्हटलं, ‘वहिनी, थोडे पैसे देतेस?’

तिने कशाला म्हणून विचारलं नाही. गळ्यातलं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. किती, परत कधी, काही नाही. मी तिच्यासमोर कधी एवढी छोटी झाले नव्हते.

दुसऱ्यांदा फोन लावला तेव्हा दादाचा आवाज वेगळाच होता. हो, माझेही दुकानातच घातलेत. वर्षभर माल पडून आहे, मोठ्या कंपन्यांनी शेजारीच शोरूम टाकलं, गिऱ्हाईक फिरकत नाही. ‘सावरेन मी, बारके. आत्ता बभ्रा करू नकोस. वहिनीला तर मुळीच नको.’

‘मग ह्या सहलीवर कशाला उधळलेस?’

‘लोकांना वाटायला नको, दुकान बसलं म्हणून.’

वहिनीला सांगितलं. सगळं. ती कॉफीचा ग्लास फिरवत ऐकत राहिली. म्हणाली, ‘तुमचेही घेतले? मला वाटलं होतं, तुमचे तरी सोडले असतील.’

मला वाटलं होतं ती म्हणेल, बरं झालं. ती रडली. माझ्यासाठी रडली ही बाई!

१२ तारीख, मंगळवार

उद्या घरी. आज शेवटचं बंदर. लाँड्रीवालीचं गाव हेच, ती इथेच उतरणार. सकाळी बॅग भरताना बघते तर वहिनीही भरतेय. म्हटलं, उद्या उतरायचंय गं, आज कशाला?

‘मी आज उतरतेय.’

खाली नाश्त्याला लाँड्रीवाली होती. मी तिच्यावर घसरलेच — काय लावलंय हे, संसारातल्या बाईला काय भरीला घालताय! तिने पावाला लोणी लावता लावता ऐकून घेतलं.

‘भरीला नाही घातलं. काम देतेय. नवीन लाँड्रीत गल्ल्यावर माणूस हवंय, वर एक खोली आहे.’

म्हटलं, तिने आयुष्यात गल्ला बघितला नाही!

‘तीस वर्षं एका माणसाला कोथिंबिरीच्या जुडीचा सुद्धा हिशेब दिलाय ना तिने? अहो, माझे दोन मॅनेजर मिळून तेवढा देत नाहीत.’

वहिनीकडे वळले. तू गेलीस तर दादा — ‘ते मोठे आहेत,’ म्हणाली. मी म्हटलं, अडचणीत आहे गं तो. तिने कप बशीत ठेवला. मग म्हणाली, ‘हे त्यांनी मला सांगितलं असतं तर बांगड्या मी त्यांच्या हातात काढून दिल्या असत्या. सांगितलं नाही. मला बोटीवर बसवून दिलं.’

तिची एक बॅग मी उचलली. शिडीपर्यंत गेले. खाली गेल्यावर तिने मागे वळून बघितलं, टोपी वाऱ्याने उडत होती म्हणून एका हाताने धरली, दुसरा हात हलवला. ‘वन्सं, जेवत जा वेळेवर!’ लोक वळून बघायला लागले. मी रडतेय की हसतेय, कळेना.

केबिनमध्ये दोन पलंग. एक रिकामा. कुठेच बसवत नाही. चित्रातला समुद्र बघत उभी आहे.

१३ तारीख, बुधवार

दादा धक्क्यावर आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फुलं. फुलं आणायची त्याला कधीपासून सुचायला लागली?

‘ती कुठे?’

उतरली, म्हटलं. कालच.

माझ्या मागे बघत राहिला. शेवटचा माणूस उतरून जाईपर्यंत बघत राहिला. मग म्हणाला, ‘उतरली म्हणजे? कुणाला विचारून?’ कुठे आहे ते त्याने विचारलं. म्हटलं, नाही सांगणार. माझ्या तोंडून नाही हा शब्द दादाला पहिल्यांदाच ऐकू आला असेल. तो रागावेल म्हणून मी अंग चोरून उभी होते. तो माझ्या बॅगेवरच बसला. एवढा मोठा माणूस, बॅगेवर!

म्हटलं, दुकानात चल, मला हिशेब बघायचाय. म्हणाला, आज नको.

१५ तारीख, शुक्रवार

एकटीच गेले. शटर अर्धं वर. आत एक तरुण माणूस रंगाचे डबे रचत होता. म्हणाला, दोन महिने झाले, गाळा मी घेतलाय. दादांचं सामान मागे पडलंय, फुटकी संडासाची भांडी आणि दोन खोकी टाइल्स, घेऊन जायला सांगा.

दोन महिने! रोज सकाळी डबा घेऊन दादा जातो कुठे?

विचारलं संध्याकाळी. ‘बागेत,’ म्हणाला. पावसाचं असेल तर वाचनालयात. वहिनी डबा करून द्यायची, तो बागेत बसून खायचा, सहाला घरी यायचा, आणि तिला विचारायचा, आजचा खर्च?

मला राग यायला हवा. येतोय. पण तो डबा डोळ्यांपुढून हलत नाही.

२१ तारीख, गुरुवार

वहिनीचा फोन. मागे यंत्रांची घरघर. ‘वन्सं, लोक खिशात काय काय विसरतात म्हणून सांगू!’ दादाबद्दल तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही. दुकानाचं तरी सांगायला हवं होतं का? दिवसभर घरात येरझाऱ्या.

पुढच्या महिन्याची २ तारीख, सोमवार

दादा आज माझ्याकडे आला. ती एका लाँड्रीत काम करते एवढं मी त्याला मध्यंतरी सांगितलं होतं, गाव नाही. चहा दिला. कप दोन्ही हातांत धरून बसला, प्यायला नाही. म्हणाला, ‘बारके, ती जिथे आहे तिथे इस्त्रीला माणूस लागतो का, विचारशील? मी करेन. ती देईल ते घेईन.’

विचारते, म्हटलं.

तो गेला. फोन समोर आहे. अजून विचारलेलं नाही.